सोळा जणांना गेलेला निरोप

१

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अक्कलकोटकडच्या एका घरात टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला फोन टिंग करून वाजला. फोन सुनेचा होता. वाचला दिराने, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा.

'दानेश्वरी, उद्या सकाळी अकरा वाजता मानसोपचारतज्ज्ञ डॉ. महेश्वर यांच्याकडे तुमची वेळ ठरली आहे. कारण : नैराश्य, फेरतपासणी.'

मजकूर इंग्रजीत होता, पण दीर बी.कॉम. होता. त्याने अर्थही सांगितला.

दानेश्वरी शाळेत शिकवायची. दर महिन्याला कंबरदुखीसाठी सोलापूरला जाते, असं तिने घरात सांगितलं होतं. सात महिने गोळ्या घेऊन आत्ता कुठं ती रात्रीची झोपायला लागली होती, मुलांना न ओरडता शिकवायला लागली होती. शुक्रवारी सकाळी तिची बॅग उंबऱ्याबाहेर आली. सासरे एवढंच म्हणाले, "येडी गळ्यात बांधली आमच्या." ती माहेरी गेली.

दुपारी तिचा भाऊ सात रस्त्याजवळच्या क्लिनिकमध्ये आला आणि भरल्या गर्दीत ओरडला, "माझ्या बहिणीचा आजार गावाला सांगायचे पैसे घेता काय ओ डॉक्टर तुम्ही?"

डॉ. महेश्वर गोरेमोरे झाले. पेशंटला जाणारा निरोप फक्त 'उद्या अकराला या' एवढाच असतो. नाव नाही, क्लिनिक नाही, आजार तर नाहीच. ही त्यांनी स्वतः घातलेली अट होती. त्यांनी वेबसाईटवाल्या संगमेशला फोन लावला.

संगमेशचं दुकान दोन गल्ल्या सोडून. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि 'येथे वेबसाईट बनवून मिळेल'. सगळं तो व्हिडिओ बघून शिकलेला, आणि त्याचा त्याला फार अभिमान. फोन आला तेव्हा तो कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होता. खांद्याने फोन कानाला दाबून तो म्हणाला, "सर, असं आपोआप बदलत नसतं. कुणीतरी आत जाऊन बदललंय."

काहीही न बघता म्हणाला. त्या वेळी मशीनमधून कार्ड वाकडं बाहेर येत होतं आणि त्याचं सगळं लक्ष तिकडं होतं.

आत जायचा पासवर्ड तिघांकडे. डॉक्टर, संगमेश, आणि रिसेप्शनवरची ऋतुजा. डॉक्टरांना मेल उघडता येत नाही. संगमेश असं का करील? राहिली ऋतुजा. मागच्या महिन्यात नंबरावरून तिची आणि दानेश्वरीची चांगली जुंपली होती, हे दहा पेशंटांनी बघितलेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी तिच्या बापाला फोन केला. माळशिरस तालुक्यातल्या धनगरवस्तीवरचा बिरप्पा. "उद्या येऊन मुलीला घेऊन जा. असली माणसं आम्हाला परवडत नाहीत."

ऋतुजा त्या वस्तीवरून ऑफिसात नोकरीला लागलेली पहिली मुलगी. पेशंटची गुपितं बाहेर फोडली म्हणून काढलेल्या पोरीला सोलापुरात दुसऱ्या कुठल्या दवाखान्याने दारात उभं केलं नसतं.

बाप शनिवारी तीनच्या एस.टी.ने येणार होता. आणि शनिवारी सकाळी दहा वाजता डॉक्टरांची मावशी आली.

२

राजेश्वरीमावशी एस.टी.त एकतीस वर्षं तिकीट तपासत होत्या. गाडी थांबवायच्या, वर चढायच्या, आणि कंडक्टरने तोंड उघडायच्या आत कुठल्या सीटवर बिनतिकिटाचं माणूस बसलंय ते ओळखायच्या. रिटायर झाल्यावर गुडघे गेले, सवय गेली नाही.

"महेश, त्या पोरीला विचारलंस काय तू?"

"विचारायचं काय, मावशी? उघड आहे."

"अय्यो! म्हणजे विचारलंच नाहीस." त्यांनी खुर्ची ओढली. "त्या कॉम्प्युटरवाल्याला बोलाव. पोरीला पण."

संगमेश आला. ऋतुजा आधीच बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जरा हायसं वाटल्याची छटा आली. आपल्या बाजूचं कुणीतरी आलं, अशी. संगमेशने कॉम्प्युटर सुरू करायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"बुधवारचे निरोप बरोबर गेले?" मावशींनी विचारलं.

"व्हय. बारा गेले. सगळे बराबर," ऋतुजा म्हणाली.

"आणि गुरुवारचे?"

"सोळा. सगळेच चुकीचे."

"सोळा?" मावशी डॉक्टरांकडे वळल्या. "तू तर एकीचंच सांगत होतास."

"बाकीच्यांच्या घरी तमाशा झाला नाही म्हणून कळलं नाही," डॉक्टर पुटपुटले.

"बरं. संगमेश, ही चीज कधी बदलली ते तुझ्या डब्यात दिसतं का?"

"दिसतं की ओ." त्याने फाईलींमधल्या बदलांची यादी उघडली. निरोपाच्या फाईलीपुढे काल, शुक्रवारी, त्याने स्वतः केलेली दुरुस्ती होती आणि तिच्याआधीचा बदल. "गुरुवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं."

त्या ओळीखाली अजून बऱ्याच ओळी होत्या. त्याची नजर एकदा खालपर्यंत गेली. त्याने घाईने यादी बंद केली.

"दोन दहा," मावशी म्हणाल्या. "तेव्हा क्लिनिक?"

"दीड ते साडेतीन बंद असतं," डॉक्टर म्हणाले. "मी घरी जेवायला. शटर खाली."

"आणि किल्ली?"

ऋतुजाच म्हणाली, "माझ्याकडं. मी हितंच डबा खाते. शटर अर्धं खाली आसतं. गुरवारी बी मी आतच व्हते, मावशी."

३

"एकटीच होतीस?"

"व्हय."

"कॉम्प्युटर चालू?"

"चालूच आसतो. पर मी हात लावला न्हाय. भाकरी खाल्ली आन बाकावर आडवी झाले. लई ऊन व्हतं."

"झोपलीस."

"डोळा लागला."

डॉक्टरांनी हात उडवले. "झालं! बंद क्लिनिक, आत एकटी, पासवर्ड हिच्याकडे."

"गप रे. मला कंडक्टर असंच सांगायचे, गाडीत एकटीच बाई होती, तिनंच केलं असणार." मावशी उठल्या, गुडघा चोळला आणि शेजारच्या मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभ्या राहिल्या. संगमेश मागोमाग गेला. न जाऊन सांगतो कुणाला?

मेडिकलचा मालक सोमशेखर गोळ्यांची पाकिटं लावत होता. दानेश्वरीच्या सासरचंच गाव त्याचं. कुणाकडं कोण पाहुणा आला, हेही त्याला गावातल्यांच्या आधी कळायचं.

"गुरुवारी दोनला कुठं होता ओ तुम्ही?"

"दुकानात. दुसरीकडं कुठं जाणार, बाई?"

"दुकानात होता तर तुमचं शटर उघडं असणार. मग समोरचा रसवाला का सांगतोय की त्याचा ग्लास न्यायला आला तेव्हा तुम्ही नव्हता?"

रसवाल्याशी मावशी अजून बोललेल्याच नव्हत्या. संगमेशला ते माहीत होतं. सोमशेखरला नव्हतं. त्याच्या हातातलं पाकीट खाली पडलं.

"शपथ घेऊन सांगतो, वाईट काही केलं नाही. माझा प्रिंटर बिघडलाय. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर लेबलं छापायला गेलो होतो. पोरगी झोपली होती, उठवलं नाही. तिचा डबा उघडा होता... शेंगाचटणी घेतली जराशी."

"किती वाजता?"

"दोन पाच... दोन दहा..."

डॉक्टर दारातून ऐकत होते. "मावशी! मिळाला! गावही तेच!"

सोमशेखर पांढराफटक पडला. आणि संगमेशला (हे लिहायलाही शरम वाटते, पण झालं ते झालं) एकदम बरं वाटलं. चला, कुणीतरी सापडलं. त्या बाकावरच्या पोरीचं नाव निघालं, ह्याचं निघो. आपलं नको.

४

मावशींनी सोमशेखरला तिथंच सोडलं आणि परत येऊन ऋतुजाशेजारी बसल्या.

"तू फोन आले की लिहून ठेवतेस?"

"वही हाय की."

वही दोनशे पानी, कडेला रेघ मारलेली. मावशींनी मागची पानं चाळत गुरुवारचं पान काढलं, चष्मा नाकावर घेतला आणि मोठ्याने वाचलं.

"दोन चाळीस. एक पेशंट. वेबसाईटवर रविवार दिसतोय, येऊ का? तीन दहा. दुसरा पेशंट. 'भेट ठरवा'चं बटण इंग्रजीत झालंय, दाबायचं का? तीन वीस..."

त्या थांबल्या. पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली. संगमेशला ती ओळ तोंडपाठ होती, कारण तो फोन त्यालाच आला होता. त्याने खाली बघितलं.

"महेश, इकडं ये," मावशी म्हणाल्या. "समज, तुला दानेश्वरीचं वाटोळं करायचंय. तू काय बदलशील?"

"तिचा निरोप."

"एकटीचा. आणि हा चोर सोळा जणांचा बदलतो. बरं, घाईत केलं म्हणू. पण मग रविवार कशाला उघडतो? बटण कशाला इंग्रजी करतो? सोमशेखरला तुझ्या रविवारशी काय देणंघेणं? ह्या पोरीची तर रविवारची सुट्टी जाईल!"

"मग कुणी केलं?"

"कुणी केलं ते सोड. झालं काय ते बघ." त्यांनी बोटांवर मोजलं. "निरोप, रविवार, बटण. हे तिन्ही संगमेशने तुझ्यासाठी मुद्दाम बदलून दिलं होतं ना? मूळचं कसं होतं?"

डॉक्टर आठवू लागले. "मूळचं इंग्रजीतच होतं. रविवार चालू. निरोपात नाव, कारण, सगळं."

"म्हणजे कुणी नवीन काही लिहिलेलंच नाही. जुनं होतं ते परत आलंय. वैर असलेला माणूस एवढ्या शिस्तीत कशाला वागेल, बाबा? बसची पाटी कुणी फोडली तर तुकडे पडतात. इथं तुकडे नाहीत. कुणीतरी आख्खी गाडीच बदलली आणि तुमच्या हाताने रंगवलेली पाटी जुन्या गाडीबरोबर गेली."

मग त्या संगमेशकडे वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ती मघाची यादी उघड बघू. घाईने बंद केलीस ती."

५

त्याने उघडली.

एका फाईलीवर नाही, सगळ्या चाळीस फाईलींवर एकच वेळ होती. गुरुवार, दोन दहा.

"एका माणसाने एका मिनिटात चाळीस फाईली बदलल्या?"

"नाही," संगमेश म्हणाला. "अपडेट झालाय. अपॉइंटमेंटचं प्लगिन, म्हणजे ज्याच्यावर हे सगळं चालतं ती तयार वस्तू, ती बनवणारे अधूनमधून नवी आवृत्ती काढतात. ती आली की जुन्या फाईली जातात, नव्या बसतात."

"आणि बटण कुणी दाबलं?"

"कुणीच नाही. सर्व्हरवाल्यांनी दोन महिन्यांपूर्वी मेल पाठवला होता, यापुढे अपडेट आपोआप होतील म्हणून." तो थांबला. "मेल मला आला होता."

"वाचलास?"

"नाही."

डॉक्टर मधे पडले. "अहो पण मग हा अपघातच झाला ना? मेल काय, राहतो वाचायचा..."

"थांब." मावशींनी हात वर केला. "शुक्रवारी तू निरोप परत दुरुस्त केलास, संगमेश. किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"ते सगळं तुला पाठ होतं?"

"नाही. लिहून ठेवलंय. फाईल आहे माझ्याकडे, तिथून चिकटवलं."

"का लिहून ठेवलंस?"

संगमेश यादी उगाच वरखाली सरकवू लागला.

"मी सांगते," मावशी म्हणाल्या. "पुसलं जाणार हे ज्याला ठाऊक असतं, तोच नक्कल हाताशी ठेवतो. ऋतुजा, दिवाळीत काय झालं होतं? वहीत आहे. वसुबारसेचं पान."

"दिवाळीत येक दिवस निरोप इंग्रजीत जाया लागले व्हते," ऋतुजा म्हणाली. तिला अजून पुरतं कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि पटत नव्हतं. "दोनच गेले. मी दादास्नी फोन केला. दहा मिन्टात नीट केलं त्यांनी. म्हनले, काय न्हाय, जरा हललं व्हतं."

"हललं होतं," मावशी म्हणाल्या. "आणि परवाची तीन वीसची ओळ. तूच वाच."

ऋतुजाने वही घेतली. "तीन वीस. संगमेशदादास्नी फोन. रविवार आन बटन बिघडल्याचं सांगितलं. बघतो म्हनले."

निरोप पाच वाजता गेले होते. तीन वीस ते पाच. एक तास चाळीस मिनिटं.

"हे तू काल का नाही सांगितलंस?" डॉक्टर ओरडले.

"इचारलंच न्हाय कुनी, सर. आन दादाच म्हनले ना, कुनीतरी आत जाऊन बदललंय. मला वाटलं, त्यांनी बगितलं आसंल. त्यांना कळतं ना त्यातलं."

संगमेशने मग सगळं सांगितलं. नीट रस्ता होता. त्याला ठाऊक होता. प्लगिनच्या फाईलींना हात लावायचाच नसतो. आपली वेगळी छोटी फाईल करायची, आपलं स्वतःचं छोटं प्लगिनच. प्लगिन बनवणाऱ्यांनी त्यासाठी जागा सोडलेल्या असतात, तिथं आपली फाईल अडकवायची : निरोप पाठवायच्या आधी मला विचार, मग मी सांगेन तो मजकूर पाठव. त्यांचं प्लगिन शंभर वेळा बदललं तरी आपली फाईल बाजूला असते, तिला धक्का लागत नाही. त्याने ते वाचलं होतं, दुसऱ्यांना मोठ्या तोंडाने शिकवलंही होतं. पण इथं पहिल्या दिवशी घाई होती. थेट त्यांच्याच फाईलीत ओळ खोडून आपली लिहिली, चाललं. दिवाळीत त्यानेच हाताने अपडेट केला आणि पुसलं गेलं, तेव्हा परत तेच केलं, कारण चालत होतं आणि कुणी बघत नव्हतं.

"नीट करायला किती वेळ लागला असता?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्धा तास."

मावशी म्हणाल्या, "बस आणि आत्ता कर."

त्याने केलं. अठ्ठावीस मिनिटं लागली. मग त्याने अपॉइंटमेंटचं अख्खं प्लगिन काढून टाकलं, नवीन आवृत्ती मुद्दाम परत बसवली आणि ऋतुजाच्या नंबरावर खोटी वेळ टाकून निरोप पाठवला. फोन वाजला. तिने वाचला. 'उद्या अकराला या.' रविवार बंद होता. बटण मराठीत होतं. कुणी 'वा' म्हटलं नाही.

"दानेश्वरीताईंना मी फोन करतो," संगमेश म्हणाला. "माफी मागतो."

"नको." डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "तिने कळवलंय. या क्लिनिकमधून कुणाचाही फोन यायला नको. गोळ्यासुद्धा बंद केल्यात म्हणे."

६

सव्वातीनला बिरप्पा आला. पांढरं धोतर, डोक्याला पिवळा पटका, हातात पोरीचं सामान बांधायला आणलेली रिकामी पोती. तो आत आला नाही, पायरीवर उभा राहिला. डॉक्टर लगबगीने उठले.

"या, या, आत या. अहो, जरा गैरसमज झाला होता. मुलीची काही चूक नाही. ती सोमवारी कामावर..."

"सर," ऋतुजा म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तुमी नगा सांगू. काल तुमी फोनवर सांगितलं, तवा आबांच्या भोवती सगळी वस्ती व्हती. फोन स्पीकरवर व्हता. दादास्नी सांगू द्या. त्यांच्याच शब्दावर झालं समदं."

संगमेश पायरीपर्यंत गेला. त्याने सुरुवात केली, "त्याचं असं झालं काका, अपडेट म्हणजे नवीन आवृत्ती आपोआप..."

"मला त्यातलं कळत न्हाय," बिरप्पा म्हणाला. "माझ्या पोरीनं केलं का न्हाय?"

"नाही. मी केलं."

"काय केलंस?"

संगमेशने पुन्हा सांगितलं. दुसऱ्याच्या फाईलीत आपलं लिहिलं, वरून नवीन आलं, आपलं पुसलं गेलं. बिरप्पाने मान तिरकी करून ऐकलं.

"म्हंजे लोकरीवर रंगाची खून केलीस," तो म्हणाला. "कातरनी झाली की रंग लोकरीसंगं गेला. मेंढरू कुनाचं त्ये कळंना. व्हय ना?"

"होय."

"खून कानाला करायची आसती. आमच्यात धा वर्साच्या पोराला म्हाईत आसतं. तुला म्हाईत न्हवतं?"

"माहीत होतं."

बिरप्पाने त्याच्याकडे नीट बघितलं. रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं. नवख्या बाजारात जनावराचे दात बघतात तसं बघितलं. आणि दात कळल्यासारखी नजर काढून घेतली.

"काल सायबानं इचारलं तवा, कुनीतरी केलं म्हनलास. मंग आपुनच केलंय त्ये तुला कवा कळलं?"

"आज सकाळी. साडेदहाला."

"पोरगी कुटं व्हती तवा?"

संगमेशने मागे बघितलं. ती त्या बाकावरच होती. सकाळपासून तिथंच होती, पर्सवर हात ठेवून, त्याच्यापासून चार फुटांवर.

"इथंच," तो म्हणाला.

"मंग बोलला का न्हाईस?"

संगमेशने तोंड उघडलं. वाट बघत सगळे उभे राहिले : डॉक्टर, मावशी, मेडिकलच्या दारातला सोमशेखर. शेवटी बिरप्पाने पोत्यांची नीट घडी घातली, काखेत मारली आणि पोरीला म्हणाला, "चल, चा पिऊन येऊ. ह्यो काय आता बोलत न्हाय."